दिवाळीचा कंदील आणि घरची नानकटाई

पावसाळ्याचे चार महिने सरून आश्विनाचा वद्य पक्ष लागला, कीं महाराष्ट्रांतील घराघरांत दोन निरनिराळ्या जागीं दोन निरनिराळीं कामें सुरू होतात. स्वयंपाकघरांत चकलीच्या भाजणीचा खमंग वास सुटतो, आणि बाहेर ओटीवर किंवा गॅलरींत मुलें कामट्या, दोरा व रंगीत कागद यांचा पसारा मांडून बसतात. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत चालणाऱ्या दिवाळीची ही पूर्वतयारी होय. सणाचे दिवस मोजके. तयारी मात्र पंधरा दिवस पुरते, आणि मोठेपणीं दिवाळीची जी आठवण टिकून राहते ती पुष्कळदां या तयारीचीच असते.

हीं कामें याच ऋतूंत निघावीं यांत योगायोग थोडा आणि अनुभव फार आहे. श्रावण-भाद्रपदांत हवेंत ओल इतकी असते, कीं खळीनें चिकटवलेला कागद सुटून येतो आणि आज तळलेली चकली उद्यां सादळते. आश्विनांत हवा कोरडी होऊं लागते. कागद ताणून बसतो, रांगोळी अंगणांत टिकते, आणि डब्यांत भरलेले जिन्नस आठ-पंधरा दिवस खुसखुशीत राहतात. नवें धान्य हातीं येण्याचाहि हाच काळ.

कार्तिकांत उंच खांबाच्या टोकाला दिवा टांगून आकाशदीप लावण्याची चाल फार जुनी आहे. शहरांतील आकाशकंदील हा तिचाच वंशज मानतां येईल. पारंपरिक कंदिलाची रचना लांबून अवघड दिसते, परंतु तिच्या मुळाशीं सोपी भूमिति आहे. बांबूच्या एकाच मापाच्या २४ कामट्या तासून घ्याव्या. चार-चार कामट्यांचीं टोकें दोऱ्यानें घट्ट बांधून त्यांचे ६ चौकोन करावे. मग एका चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला, याप्रमाणें सहाहि चौकोन केवळ कोपऱ्यांनीं जोडले, कीं त्यांच्या मधल्या जागेंत ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यांसाठीं एकहि कामटी अधिक लागत नाहीं. वरचा चौकोन उष्णता बाहेर पडण्यासाठीं आणि खालचा दिवा ठेवण्यासाठीं उघडा राखावयाचा.

हा सांगाडा प्रथम हातांत डगमगतो, आणि नवशिक्या मुलाला वाटतें कीं सारें चुकलें. तसें नसतें. त्रिकोण स्वभावतः ताठ राहतो, पण चौकोन कलतो. म्हणून कंदिलाला खरा ताठपणा कागदानें येतो. मैदा किंवा कणीक पाण्यांत शिजवून केलेली खळ कडांना लावून पतंगी कागद त्यावर बसवला, कीं वाळतांना तो आंवळतो आणि सगळा सांगाडा स्थिर होतो. खळीला कीड लागूं नये म्हणून तींत चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत होती. मोरचूद विषारी असल्यानें लहान मूल असलेल्या घरीं तो टाळून, लागेल तेवढी खळ रोज ताजी शिजवणें बरें. कडांवर दुमडून लावलेल्या अर्धगोल कागदांना 'करंज्या' म्हणतात, आणि खालीं सोडलेल्या पट्ट्यांना 'झिरमिळ्या'. स्वयंपाकघरांतील शब्द असा ओटीवरच्या कामांत सहज येऊन बसला आहे.

कंदिलांत पूर्वीं पणती ठेवीत, पुढें विजेचा दिवा आला. तारेच्या जुन्या दिव्याची बहुतेक वीज उष्णतेंत जाई, त्यामुळें कागद दिव्यापासून दूर ठेवण्याची काळजी घ्यावी लागे. अलीकडचे एलईडी दिवे त्या मानानें थंड असतात, आणि कागदी कंदील त्यांमुळें अधिक निर्धोक झाला आहे. थर्मोकोलच्या सजावटीनें मध्यंतरी कागद-बांबूला मागें सारलें होतें. तें थर्मोकोल मातींत कुजत नाहीं, आणि २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें सजावटीसाठीं त्याचा वापर करण्यास बंदी केली. मुलांच्या मातीच्या किल्ल्याला असा कोणताच दोष नाहीं. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलांत बुडवलेलें गोणपाट, बुरूज, तटबंदी, आणि सिंहासनावर शिवाजी महाराज. उतारावर हळीव किंवा मोहरी चार-पांच दिवस आधीं पेरली, कीं दिवाळीला गड हिरवा होतो. आणि सण सरल्यावर माती परत बागेंत जाते.

आतां स्वयंपाकघराकडे वळावें. मराठी फराळांतील बहुतेक जिन्नस तळणीचे. चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे, चिरोटे हे सारे कढईंतून निघतात. नानकटाई तेवढी भाजली जाते, आणि त्या अर्थानें ती या पंगतींतील पाहुणी आहे. तिच्या नांवांतील 'नान' हा फारसी शब्द भाकरीचा वाचक असून, सुरतेच्या भट्ट्यांची तिच्याबद्दल जुनी ख्याति आहे. पुण्या-मुंबईंत घरोघरीं भट्टी नसे. म्हणून दिवाळीच्या आधीं कुटुंबें तूप, साखर व मैदा घेऊन जवळच्या बेकरींत जात. लोखंडी पत्र्यांवर गोळे मांडले जात, पावाच्या भट्टींत ते भाजून निघत, आणि बेकरीवाला त्याची मजुरी घेई. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यांत मिसळूं नये म्हणून राखणीला बहुधा घरांतील मूल उभें असे. पुढें गॅसची शेगडी आली, मग विजेचा ओव्हन आला, आणि हें काम घरींच होऊं लागलें.

नानकटाईसाठीं १ वाटी थिजलेलें तूप, १ वाटी पिठीसाखर, २ वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, २ चमचे बारीक रवा, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड एवढें साहित्य पुरतें. प्रथम तूप व साखर परातींत घेऊन तळहातानें फेंसावी. मिश्रण पांढरें व हलकें होईपर्यंत थांबूं नये. कारण त्यांत कोंडली गेलेली हवाच पुढें नानकटाईला फुलवते. मग पिठें मिसळून गोळा करावा, पण पाणी घालूं नये. पाण्यानें मैद्याला चिवटपणा येतो, तर तुपानें माखलेलें पीठ खुसखुशीत राहतें. पेढ्याएवढे गोळे करून, किंचित् दाबून, अंतर राखून मांडावे. ओव्हन असल्यास १६० ते १७० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटें लागतात. तो नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें वाळू किंवा मीठ पसरून, झांकण ठेवून तें तापवावें, आंत तिवई ठेवून तिच्यावर ताटली ठेवावी व मंद आंचेवर थोडा अधिक वेळ द्यावा. वरचा पापुद्रा आधीं धरतो व आंतलें पीठ मागून फुलतें, म्हणून माथ्यावर तडे पडतात; तो दोष नव्हे, ती नानकटाईची खूण आहे. बाहेर काढतांना ती मऊच असते. निवाल्यावर कडक होते, म्हणून मऊ लागली तरी पुन्हां भट्टींत ठेवूं नये.

येथवर कृतीचा विचार झाला. परंतु या दोन कामांच्या वांटणींत एक गोष्ट अशी आहे, कीं तिच्याकडे सणाच्या गडबडींत सहसा लक्ष जात नाहीं. कंदील दिवसाउजेडीं, चार जणांच्या गप्पांत तयार होतो. तो दाराबाहेर लागतो, येणारा-जाणारा त्याचें कौतुक करतो, आणि करणाऱ्या मुलाचें व त्याच्या वडिलांचें नांव होतें. फराळ मात्र दिवसभराचीं कामें आटोपल्यावर, रात्रीं, एकटीनें कढईपाशीं उभें राहून होतो. पाहुण्यांपुढें ताट ठेवतांना "सगळें घरचें आहे" असें अभिमानानें सांगतात. पण त्या 'घरा'चा अर्थ पुष्कळदां एकच व्यक्ति असा असतो. आजची गृहिणी घराबाहेर नोकरीहि करीत असेल, तर हा अभिमान तिच्या झोपेच्या मोलानें विकत घेतलेला असतो. फराळाच्या दिवशीं ती सर्वांच्या मागून बसते, आणि तोंवर तिची भूक तळणीच्या वासानेंच मेलेली असते.

यावर पुष्कळ घरांनीं विकतच्या फराळाचा मार्ग काढला आहे, आणि त्यांत उणेपणा मानण्याचें कारण नाहीं. बाजारांत मिळणारा कितीतरी फराळ दुसऱ्या कुणा स्त्रीनें आपल्या घरींच केलेला असतो, आणि त्यावर तिचा संसार चालतो. तथापि सगळेंच विकत आणलें, तर एक गोष्ट घरांतून जाते. दिवाळींत शेजाऱ्यांकडे ताट जातें आणि तें रिकामें परत येत नाहीं. ज्या घरीं त्या वर्षीं कोणी गेलेलें असतें, तेथें फराळ करीत नाहींत, कंदील लावीत नाहींत. नातेवाईक व शेजारी आपापल्या घरचे जिन्नस त्या घरीं नेऊन देतात. दुःखाच्या घरीं फार बोलतां येत नाहीं. अशा वेळीं कुणीतरी आपला वेळ व आपले हात खर्चून केलेली चार करंज्यांची ताटली बोलण्याचें काम करते. बाजारचा पुडाहि पोंचतो, पण तो देणाराला आणि घेणाराला दोघांनाहि थोडा परका वाटतो.

तेव्हां प्रश्न घरचें कीं विकतचें असा नसून, घरचें तें किती जणांच्या हातचें, असा आहे. ताटांतील आठ जिन्नसांपैकीं सात विकत आणले, तरी बिघडत नाहीं. एक जिन्नस आणि एक कंदील मात्र सर्वांनीं मिळून करावा, आणि करतांना नेहमींच्या जागा बदलाव्या. या दृष्टीनें नानकटाई फार सोयीची आहे. तिला उकळतें तेल नाहीं, म्हणून सहा वर्षांचें मूलहि गोळे वळूं शकतें. तूप फेंसण्याला जोर लागतो. तें काम वडिलांनीं किंवा थोरल्या मुलानें करावें. तापलेलें पातेलें वा ओव्हन तेवढा मोठ्यांकडे राहूं द्यावा. तिकडे आई आणि आजी यांनीं कंदिलाचे चौकोन बांधावे. ज्या बोटांना करंजीला मुरड घालण्याची संवय आहे, त्यांना दोऱ्याची गांठ अवघड जाणार नाहीं.

"आम्हांला येत नाहीं" ही पुरुषांची सबब एके काळीं खरी होती. स्वयंपाकाचें माप सासूच्या हातांत असे, तें सुनेच्या हातांत जाई, आणि 'अंदाजानें' या एका शब्दापाशीं बाहेरच्याची वाट अडे. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' प्रसिद्ध झालें, आणि वाटी-चमच्यांच्या मापांत लिहिलेला स्वयंपाक लक्षावधि घरांत पोंचला. ज्याला वाचतां येतें त्याला माप घेतां येतें, आणि ज्याला माप घेतां येतें त्याला नानकटाई करतां येते. परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव आहेच. तेथें नोव्हेंबरच्या थंडींत, बंद खिडक्यांच्या घरांत तळण काढणें जड जातें. पण ओव्हन प्रत्येक स्वयंपाकघरांत असतो, आणि मदतीला घरांतील माणसांखेरीज दुसरें कोणी नसतें. त्यामुळें पीठ कोणी मळावें हा प्रश्न तेथें हातांच्या मोकळेपणावरच सुटतो.

या सगळ्याला लागणारा खर्च म्हणजे २४ कामट्या, थोडे पतंगी कागद, वाटीभर तूप आणि दिवाळीपूर्वींचे दोन रविवार. पहिल्या रविवारीं कंदिलाचा सांगाडा बांधून कागद चढवावा, दुसऱ्या रविवारीं नानकटाई भाजावी. कंदील कदाचित् एका अंगाला कलेल, आणि पहिल्या पत्र्यावरच्या नानकटाईला खालून डाग पडेल. पुढच्या वर्षीं दोन्हीं सुधारतील. एवढें केलें, तर नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरांतील सर्व मंडळी फराळाला बसतील, तेव्हां वाढणारी व्यक्तिहि ताज्या मनानें त्यांच्या बरोबरच बसलेली असेल.