पोलादी कारखाना-इमारत : नियोजन आणि खरेदी



फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून फरीदाबाद येथे नवी वसाहत उभी राहिली. तिच्या बांधकामात निर्वासितांच्या सहकारी संस्थांनी मोठा वाटा उचलला. पुढे हेच नगर दिल्लीलगतचे प्रमुख औद्योगिक केंद्र बनले. अशा नगरात लघुउद्योजकाच्या भांडवलाचा मोठा हिस्सा इमारतीत गुंततो आणि तिच्या छताखाली कामगारांचे आयुष्य जाते. म्हणूनच कारखान्याच्या इमारतीची खरेदी हा केवळ हिशेबाचा विषय राहत नाही.

पूर्वरचित पोलादी इमारतीचे खांब व तुळया कारखान्यात तयार होतात आणि जागेवर बोल्टने जोडल्या जातात. त्यामुळे वेळ वाचतो. मात्र भाग तयार झाल्यानंतरचा बदल महागात पडतो. यास्तव यंत्रांची मांडणी, क्रेनची क्षमता, छताची उंची, वायुविजन आणि भावी विस्तार या बाबी मागणी नोंदविण्यापूर्वीच निश्चित झाल्या पाहिजेत.

दुसरा टप्पा भारांचा. भारतीय मानक ८७५ मध्ये वाऱ्यासह विविध भारांचे, १८९३ मध्ये भूकंपाचे, तर ८०० मध्ये पोलादी बांधकामाचे नियम आहेत. मानक १८९३ च्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांनी दिल्ली परिसर भूकंपक्षेत्र ४ मध्ये दाखविला. हलक्या छतावर भूकंपाचे बल कमी येते. परंतु वादळी वारा तेच छत वर उचलू पाहतो. म्हणून पायातील अँकर बोल्ट व पत्र्याची जोडणी यांकडे दुर्लक्ष परवडत नाही.

दरपत्रकांची तुलना केवळ प्रतिकिलो दरावर करणे फसवे ठरते. दर ५ टक्क्यांनी कमी, पण वजन १० टक्क्यांनी अधिक असल्यास एकूण खर्च साडेचार टक्क्यांनी वाढतो. याउलट, वजन फारच कमी असल्यास क्रेनचा वा वाऱ्याचा भार गृहीत धरला आहे काय, हे तपासावे लागते. सर्व निविदाकारांना भार, पोलादाचा दर्जा, रंगलेपन व उभारणी यांचे एकच विवरण देणे हाच न्याय्य मार्ग होय. स्वतंत्र अभियंत्याकडून आराखड्याची तपासणी, पोलादाची चाचणी प्रमाणपत्रे आणि कामाच्या टप्प्यांशी निगडित देयके या अटी करारातच असाव्यात.

पोलाद जळत नाही. तथापि सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. अग्निसुरक्षेचा खर्च वगळून मिळालेली स्वस्ताई अखेरीस कामगाराच्या जिवावर बेतते. नियोजनाची कसोटी प्रथम येथेच लागते.