ऑपरेशनची तारीख आणि मधले दिवस



घरातल्या सत्तरीच्या माणसाला कॅन्सरचं निदान झालं आणि ऑपरेशनची तारीख तीन-चार आठवड्यांनंतरची मिळाली, की सगळ्यात आधी त्याचं हिंडणं-फिरणं बंद होतं. कोपरीसारख्या ठिकाणी तर हे फार सहज घडतं. ठाणे पूर्वेच्या या भागात लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती पुष्कळ. रोज भाजीला, देवळात, स्टेशनच्या बाजूला फेरी मारायला तिसऱ्या मजल्यावरून उतरणारे आजोबा निदानानंतर खाली उतरेनासे होतात. सून म्हणते, "बाबा, तुम्ही बसा, मी आणते." शेजारी सांगतात, ताकद राखून ठेवा, पुढे मोठं ऑपरेशन आहे. या सांगण्यात माया आहे, पण म्हातारपणी ताकद बसून राखली जात नाही, ती बसल्याजागी गळून जाते. 2007 साली अमेरिकेत सरासरी 67 वर्षं वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तेव्हा तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले. या माणसांना कॅन्सर नव्हता, भूक मेलेली नव्हती, मनावर ओझं नव्हतं. हे सगळं असलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल. म्हणून माझं म्हणणं असं, की निदान आणि ऑपरेशन यांच्यामधले दिवस विश्रांतीचे नाहीत, तयारीचे आहेत.

ऑपरेशन करतात सर्जन, पण ते निभावायचं असतं रुग्णाच्या हृदयाने, फुप्फुसांनी आणि स्नायूंनी. पोटाचं किंवा छातीचं मोठं ऑपरेशन झालं, की पुढचे काही दिवस शरीराला प्राणवायू नेहमीच्या सुमारे दीडपट लागतो. ज्याच्याकडे क्षमतेची एवढी गंगाजळी आहे त्याला ते झेपतं. ज्याच्याकडे नाही, त्याच्या बाबतीत टाके उत्तम पडूनही न्यूमोनिया होतो, हृदय दगा देतं, आयसीयूतला मुक्काम वाढतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल ओल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली साठीपुढच्या 187 रुग्णांना मोठ्या ऑपरेशनआधी सायकल चालवायला लावून त्यांची क्षमता मोजली होती. कमी क्षमतेच्या गटात ऑपरेशननंतर हृदयाच्या कारणाने 18 टक्के रुग्ण दगावले, चांगल्या क्षमतेच्या गटात एक टक्क्याहूनही कमी. वयाने दोन्ही गट ज्येष्ठच होते, फरक क्षमतेचा होता. यासाठी महागडं यंत्रच हवं असंही नाही. 2001 साली अमेरिकेत 83 रुग्णांना ऑपरेशनआधी सरळ जिने चढायला सांगितलं. ज्यांना एक जिनाही चढवेना, त्यांच्यापैकी 89 टक्क्यांना हृदयाची किंवा फुप्फुसाची गुंतागुंत झाली. सात जिने चढणाऱ्यांत ती एकालाही झाली नाही. कोपरीतल्या ज्या जिन्यापासून आपण घरच्या वडीलधाऱ्यांना जपतो, तोच जिना डॉक्टरांना उपयोगाची माहिती देणारा आहे.

यावर कुणी म्हणेल, जो मुळातच धडधाकट तो तरणारच, व्यायामाचं त्यात कौतुक काय? शंका रास्त आहे. तिचं उत्तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या प्रयोगांतूनच मिळू शकतं, आणि असे प्रयोग झालेले आहेत. बार्सिलोनात सत्तरीपुढच्या आणि इतर जोखमीच्या रुग्णांना पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी काही आठवडे व्यायाम आणि चालण्याचा कार्यक्रम दिला. 2018 साली निष्कर्ष आले: नेहमीच्या पद्धतीने तयारी केलेल्यांत 62 टक्क्यांना गुंतागुंत झाली, व्यायाम केलेल्यांत 31 टक्क्यांना. 2023 साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 251 रुग्णांवरचा अनेक देशांतला प्रयोग प्रसिद्ध झाला. चार आठवडे व्यायाम, प्रथिनांचा आहार, तंबाखू सोडायला मदत आणि मनाला आधार, असं सगळं एकत्र दिल्यावर गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आलं.

सगळे निष्कर्ष मात्र इतके आशादायक नाहीत, आणि ते लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. माँट्रियलमध्ये खूपच थकलेल्या, सरासरी 78 वर्षांच्या 110 रुग्णांवर असाच प्रयोग झाला. 2020 साली छापलेल्या त्या अभ्यासात आधी व्यायाम केलेल्यांत आणि ऑपरेशननंतर व्यायाम केलेल्यांत गुंतागुंतीचा फरक दिसला नाही. फार खालावलेल्या शरीराला चार आठवडे पुरत नसावेत, असं मला वाटतं. अशा माणसाला व्यायामाने सगळं ठीक होईल असं वचन कुणी देऊ नये. पण त्याची क्षमता मोजण्याचं मोल कमी होत नाही. ऑपरेशन किती मोठं करायचं, की दुसरा उपचार निवडायचा, हे त्यावरून ठरवता येतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2018 सालापासून ज्येष्ठ कॅन्सररुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे. तिथे साठीपुढच्या रुग्णाचं चालणं, पडणं, आहार, स्मरणशक्ती, मनःस्थिती, चालू असलेल्या गोळ्या, हे सगळं तपासून मग सल्ला दिला जातो. वयाच्या आकड्यापेक्षा ही तपासणी जास्त सांगते.

सगळ्यात मोठी भीती असते ती वेळेची. व्यायामाच्या नादात गाठ वाढली तर? 2020 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. ऑपरेशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणून तारीख पुढे ढकला असं मी मुळीच सांगत नाही. पण तपासण्या, अहवाल, भूलतज्ज्ञांची परवानगी, पैशांची जुळवाजुळव यांत बहुतेक घरांचे दोन-तीन आठवडे जातातच. आधी केमोथेरपी द्यायची असेल तर दोन-तीन महिने. हे दिवस कुणी मुद्दाम वाढवायला नकोत, ते असतातच.

आणि खर्चाचं, येण्याजाण्याचं काय? परदेशातल्या काही प्रयोगांत रुग्ण आठवड्यातून तीनदा रुग्णालयात येऊन व्यायाम करत. कोपरीतून परळला लोकलने आठवड्यातून तीनदा जाणं थकलेल्या माणसाला शक्य नाही, हे उघड आहे. पण 2018 सालचा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला एक प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने रुग्णाला एकदाच, अर्धा तास भेटून श्वासाचे व्यायाम शिकवले आणि शुद्धीवर आल्याबरोबर ते का सुरू करायचे हे समजावून सांगितलं. फुप्फुसांच्या गुंतागुंतीचं प्रमाण 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलं. एवढ्या अर्ध्या तासासाठी जिम लागत नाही, यंत्र लागत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक कॅन्सररुग्णालयात ऑपरेशनआधी ही भेट ठरलेलीच असायला हवी.

बाकी गोष्टी घरीच होतात. रोज थोडं भरभर चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, सोबतीने जिना चढणं. छातीत दुखणं, चक्कर, हिमोग्लोबिन फार कमी असणं, हाडात कॅन्सर पसरलेला असणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. खाण्याकडे आपलं लक्ष कमी पडतं. या काळात वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमपेक्षा थोडी जास्तच प्रथिनं लागतात. म्हणजे 55 किलोच्या आजींना दिवसाला 65 ते 80 ग्रॅम. पातळ वरण आणि भात यांतून ती मिळत नाहीत. उसळ, दूध, दही, पनीर, अंडी, चालत असतील तर मासे, हे रोज ताटात हवं. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून नवस बोलून साबुदाण्यावर उपास करणाऱ्या आज्यांना घरच्यांनी हात जोडून थांबवावं. तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे गिळताच येत नसेल, तर नळीतून आहार द्यायला उशीर करू नये. आणि तंबाखू, मिश्री, विडी निदानाच्याच दिवशी बंद.

तेव्हा श्रोतेहो, ऑपरेशनची तारीख हातात पडेल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: यांनी रोज किती चालायचं, काय खायचं, आणि फिजिओथेरपिस्ट कधी भेटतील? उत्तर लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर तुम्हीही चालायला निघा.