क्षयरोग आणि आपली शाळा



तीस वर्षांपूर्वी, मी नवखा शिक्षक असताना, माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांना क्षय झाला. इतर पालकांच्या आग्रहास्तव मी त्या मुलास दाराशी निराळे बसविले. आठ दिवसांत तो शाळेत येईनासा झाला. ती चूक माझ्या अज्ञानाची होती. आपणाकडून ती घडू नये, म्हणून हे चार शब्द.

क्षय हा शाप नव्हे. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. फुप्फुसाचा क्षय झालेला व उपचार न घेणारा मनुष्य खोकला की ते हवेत पसरतात. कोंदट घरात अधिकच. भांड्यांतून वा कपड्यांतून रोग पसरत नाही. घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णासारखाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही, हे मद्रास येथील प्रयोगाने १९५९ साली सिद्ध केले.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे दिसताच रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तपासणी व औषधे तेथे विनामूल्य मिळतात. उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. पहिल्या एक-दोन महिन्यांतच बरे वाटू लागते, रुग्ण औषध सोडतो आणि तेथेच घात होतो. उरलेले जंतू पुढे औषधास दाद देईनासे होऊ शकतात.

ज्याच्या घरी क्षय आहे, त्या मुलाची तपासणी अवश्य करवून घ्यावी. तो निरोगी ठरल्यावर त्याला नेहमीच्याच जागी बसवावे. वडिलांना गोळ्यांची रोज आठवण करून देणारा बहुधा तोच असेल.