जपानी घरातील मासळीचे ताट
(मंडळाच्या नृसिंहवाडी येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नृसिंहवाडीत उभे राहून खाण्यापिण्याबद्दल बोलायचे म्हटले की श्रोत्यांना बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी आठवणार. मी मात्र मासळीबद्दल बोलणार आहे. दत्ताच्या वाडीत हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात जाळी पडतातच, आणि आपल्या वस्त्यांत समुद्रही येतो. तो आठवडा बाजारातून, वाळून येतो : सुकट, बोंबील, जवळा. ताजी समुद्री मासळी खायची तर आपल्याला घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते.

जपानी भाषा शिकणाऱ्या एका गटाबरोबर मला ओकायामा येथे एका कुटुंबात आठ दिवस राहायला मिळाले. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ज्या बागेच्या धर्तीवर केले ती कोराकुएन बाग याच शहरातली. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी-आजोबा. महिना मार्चचा. शहराच्या दक्षिणेला सेतोचा आतला समुद्र आहे. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांच्या मधला हा समुद्र शांत आणि मासळीने भरलेला.

पहिल्या रात्री ताटात 'सावारा' आला. हा आपल्या सुरमईचा भाऊबंद. त्याचे नाव लिहिताना मासा आणि वसंत ऋतू ही दोन चिन्हे जोडून एक अक्षर करतात, कारण वसंतात तो अंडी घालायला या समुद्रात शिरतो. त्याचे मांस फार लवकर मऊ पडते, म्हणून जपानात इतरत्र तो बहुधा भाजूनच खातात; ओकायामात मात्र कच्चा खातात, कारण तेथे तो ताजा मिळतो. कच्चा मासा म्हटल्यावर आपण नाक मुरडतो. परंतु मासा पाण्याबाहेर येताच एका घावात मारायचा, रक्त काढून टाकायचे आणि बर्फात ठेवायचा, ही शिस्त पाळली की वास म्हणून येत नाही. पातळ काप, थोडा सोया सॉस, आणि तोंडात लोण्यासारखा विरघळणारा घास! दुसऱ्या दिवशी 'मामाकारी' नावाचे बोटभर लांबीचे, व्हिनेगरात मुरवलेले मासे होते. या नावाचा अर्थ भात उसना आणणे. मासा इतका चवदार की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडे भांडे घेऊन जावे लागते!

पण मला खरे नवल वाटले ते सकाळी, स्वयंपाकघरात. आजीबाईंनी डब्यातून मूठभर 'इरिको' काढले. म्हणजे उकडून वाळवलेली बारीक मासळी. ती पाण्यात टाकून त्या पाण्याचे सूप केले. वास अगदी आपल्या घरातला! त्या भागात रोजच्या सूपाचा पाया हाच, आणि गरीब-श्रीमंत सर्वांच्या घरी हाच. आपल्याकडे शहरात खोली घेऊन राहणारा मुलगा सुकट भाजण्याआधी खिडकी लावून घेतो. घरमालकाला वास गेला की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, हे येथे बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. त्या घरात खिडकी उघडी होती.

आता कोणी विचारील, बौद्ध देश आणि मासे? विनयपिटकात देवदत्ताची गोष्ट आहे. भिक्खूंनी आयुष्यभर मासे आणि मांस खाऊ नये असा नियम करावा, अशी मागणी त्याने केली. भगवंतांनी ती मान्य केली नाही. आपल्यासाठी मारल्याचे भिक्खूने पाहिले, ऐकले वा तशी शंका आली तर ते घेऊ नये, एवढीच अट घातली. दुसरीकडे जपानमधील कोया पर्वतासारख्या ठिकाणी मठातील जेवण पूर्ण शाकाहारी असते, कांदा-लसूणही नाही. (त्या पर्वतावरील विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसवला गेला.) या वादाचा निकाल लावायला मी उभा नाही. ज्यांना मासे सोडायचे त्यांनी जरूर सोडावेत. फक्त ताटावरून माणसाची प्रत ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि जपाननेही ती ठरवली होती.

इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली. मासळी त्यातून सुटली. पुढे मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक अपवित्र ठरले, त्यांच्या वस्त्या वेगळ्या झाल्या. ओळखीचे वाटते ना? बौद्ध मंदिरांनीही अशा लोकांच्या थडग्यांवर हीन अर्थाची नावे कोरली होती. हे आपण बौद्धांनी झाकून ठेवू नये.

आजोबांनी हा विषय स्वतःहून काढला नाही. तिकडे लोक त्यावर सहसा बोलत नाहीत. विषय निघाला तो रविवारच्या जेवणात. 'बाराझुशी' केली होती. आंबट भातावर सावारा, कोळंबी, वाम, कमळकाकडी आणि अंड्याच्या बारीक पट्ट्या. सतराव्या शतकात तेथील सरदार इकेदा मित्सुमासा याने रयतेने एक सूप आणि एकच पदार्थ खावा असा हुकूम काढला, म्हणे. लोकांनी सारी मासळी डब्याच्या तळाशी घालून वर भात दाबला आणि जेवताना डबा उपडा केला! आख्यायिकाच ती, पण सांगताना सारे घर हसत होते. मी विचारले, असे हुकूम आणखी निघाले का? आजोबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, उद्या कालवे खायला जाऊ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मोटारीने मुशिआगे या बंदरावर नेले. खाडीत तराफे तरंगत होते, त्यांना टांगलेल्या दोरांवर कालवे वाढतात. निखाऱ्यावर ठेवली की शिंपले आपोआप उघडते. खारे पाणी आणि गरम मांस, वर लिंबाचे दोन थेंब. तेथे आजोबा बोलले. १८५५ साली ओकायामा संस्थानाने अस्पृश्य मानलेल्यांनी फक्त कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसात वा निळीत रंगवलेले, नक्षी नसलेले सुती कपडेच घालावेत, असा हुकूम काढला. १८५६ च्या जूनमध्ये सुमारे दीड हजार लोक अर्ज घेऊन याच मुशिआगेवर चालून आले. अर्ज स्वीकारला गेला आणि हुकूम कागदावरच राहिला. पण बारा पुढाऱ्यांना कैद झाली, त्यातले सहा तुरुंगातच मेले. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला, तरी लोकांच्या मनातून तो गेला नाही म्हणून १९२२ साली क्योतो येथे 'सुइहेइशा' ही त्यांची संघटना स्थापन झाली.

मला तेथे कोल्हापूर आठवले. १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. त्याच काळात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज चहा घेत, आणि महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्यांनाही कप उचलावा लागे. आजोबांना मी हे सांगितले. त्यांनी गंगाराम हे नाव दोनदा उच्चारून घेतले आणि चहात दूध होते का, असे विचारले.

निघायच्या आदल्या दिवशी आजीबाईंनी इरिकोचे पाकीट माझ्या हातात ठेवले आणि तुमच्याकडे हे कसे करतात, असे विचारले. मी सांगितले : तव्यावर कोरडे भाजायचे, डोकी काढायची, कांदा, लसूण आणि लाल तिखटावर परतायचे, शेवटी आमसूल, सोबत ज्वारीची भाकरी. त्यांनी वही आणली आणि एकेक पायरी लिहून घेतली. आमसुलाशी अडल्या. तेव्हा नातीने त्यापुढे एक उमेबोशी, म्हणजे त्यांचे खारवलेले आंबट फळ, काढून ठेवले आणि पुढची ओळ विचारली.