गटाचा जुना कॉम्प्युटर आणि निळा पोर्ट

मी मीरा रोडहून बोलतेय. इथे आमच्या सोसायटीतल्या बायकांचा बचत गट आहे. माझं माहेर दापोली तालुक्यात. गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा तिथल्या गटातल्या वयस्कर बायकांना अंगणात बसवून त्यांची लग्नातली गाणी, हळदीची, घाण्याची, सगळी कॅमेऱ्यावर घेऊन आले. मुंबईत येऊन ती गटाच्या कॉम्प्युटरवर उतरवली. श्रावणात त्यातल्या एक काकी गेल्या. त्यांचा आवाज आता फक्त आमच्या त्या डब्यात होता. डबा २०११ सालचा, कधी बंद पडेल नेम नाही.

म्हणून बाहेरची हार्ड डिस्क आणली आणि दुसरी प्रत काढायला बसले. माल १८० जीबी. कॉम्प्युटर म्हणाला, पावणेदोन तास. दीड तास झाला आणि लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गटात लगेच विषय निघाला, नवीन कॉम्प्युटर घेऊ. गटाच्या शिलकीतून तीस-पस्तीस हजार काढायचे, तेही एका प्रतीसाठी, हे मला पटेना.

दोष कुठे आहे ते आधी बघू. विहिरीवर तीनची मोटर बसवली आणि पाइप अर्धा इंची घातला, तर पाणी अर्ध्या इंचाचंच येणार ना? इथे पाइप म्हणजे यूएसबीचा पोर्ट, आपण पेन ड्राइव्ह खुपसतो ती खाच. यूएसबी १९९६ साली आली. ती आणणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट आपल्या शेजारच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००० साली २.० आली. तिच्यातून कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात तीस-पस्तीस. २००८ साली ३.० जाहीर झाली, ती कागदावर दहापट वेगवान. पण इंटेलने ती आपल्या डेस्कटॉपच्या चिपमध्येच घातली २०१२ साली. त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक डब्यांना फक्त २.० असते. ओळखायचं कसं? वेगवान पोर्टच्या आतली पट्टी बहुधा निळी असते, कधी शेजारी ‘एसएस’ अशी अक्षरं असतात. आमच्याकडे सगळ्या पट्ट्या काळ्या.

आता हे नीट ऐका, कारण पैसे इथेच वाया जातात. माउस, कीबोर्ड, प्रिंटर यांना निळ्या पोर्टचा काही फायदा नाही. स्वस्तातला पेन ड्राइव्ह मुळातच सेकंदाला दहा मेगाबाइट लिहीत असेल, तर तो निळ्यात घाला नाहीतर सोन्याच्या पोर्टात घाला, दहाच लिहिणार. तिथे पाइप मोठा आहे, मोटरच लहान आहे. फायदा होतो तो बाहेरच्या हार्ड डिस्कला आणि चांगल्या कार्ड रीडरला. तुमच्या गटात फक्त हिशेबाच्या फायली हलवायच्या असतील, तर हा खर्च करूच नका.

आम्हाला हवा होता. त्यासाठी एक छोटं कार्ड मिळतं, ते कॉम्प्युटरच्या आत बसवतात. मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस नावाची खाच लागते. सर्वांत लहान खाच बोटाच्या एका पेराएवढी, अडीच सेंटीमीटरची. लांब एक्स्प्रेस खाच मोकळी असेल तर तिच्यातही हे कार्ड चालतं. जुनी, बहुधा पांढरी, साध्या पीसीआयची लांब खाच वेगळी. तिच्यात हे बसत नाही. शंका असेल तर डब्याचं झाकण काढून मोबाइलवर फोटो घ्या आणि दुकानात दाखवा. मी तेच केलं. लोकलने ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवर गेले. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर कुणी सांगणार नाही. दुकानदाराने फोटो बघितला आणि म्हणाला, “ताई, तुमचा कॅबिनेट बारीक आहे, छोटी पट्टी लागेल.” ती पट्टी खोक्यातच होती. मी ती पॅकिंगचा कचरा म्हणून टाकणारच होते. हजाराच्या आतबाहेर पैसे पडले.

बसवायला स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास. आधी प्लग काढायचा, मग चालू करायचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हाताने डब्याच्या लोखंडाला स्पर्श करायचा. नायलॉनची साडी नेसून बसू नका, विशेषतः देशावर, उन्हाळ्यात; कोरड्या हवेत कपड्याची वीज चिपला मारते. इथे खाडीच्या दमट हवेत ती भीती कमी, पण आमच्या पोर्टांना गंज चढतो, तेही आहेच.

माझी चूक सांगते. कार्डावर विजेची वायर जोडायची जागा होती, ती मी रिकामीच ठेवली. डिस्क लावली तर टक-टक आवाज यायला लागला, दिसायची आणि गायब व्हायची. मला वाटलं, डिस्कच गेली. पोटात गोळा आला. शेजारचा मुलगा इंजिनियरिंगला आहे, त्याने बघून डब्यातल्या वीजपेटीची एक मोकळी वायर कार्डाला लावली आणि डिस्क गप झाली. सगळ्या कार्डांना अशी वायर लागते असं नाही, पण जागा असेल तर जोडा. आणि विंडोज ७ असेल तर कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर वेगळं घालावं लागतं. ८ पासून पुढे बहुधा आपोआप चालतं. पोर्ट मागच्या बाजूला येतात, म्हणून डबा भिंतीपासून थोडा ओढून ठेवा.

तेच १८० जीबी अर्ध्या तासात उतरले. याहून लवकर होणार नव्हतं, कारण आता आमच्या डिस्कचीच धाव संपली होती.

ती डिस्क गणपतीला गावी जाणाऱ्या भाच्याच्या पिशवीत, दोन टॉवेलांत गुंडाळून दापोलीला पाठवली. तिकडे काकींच्या सुनेने सगळं बघितलं आणि मला फोन केला. म्हणाली, हळदीच्या गाण्यात सासूबाई एक कडवं विसरल्यात, ते मला येतं, दिवाळीला येशील तेव्हा कॅमेरा घेऊन ये.