संगणकाचा बिघाड : आधी निदान, मग दुरुस्ती

(ग्रामपंचायत कर्मचारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या कार्यालयात माणूस येतो तो बहुधा एखाद्या दाखल्यासाठी. दिवसाची मजुरी बुडवून तो आलेला असतो आणि टेबलापलीकडून त्यास उत्तर मिळते, "संगणक बंद आहे, उद्या या." उद्या तो पुन्हा येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यावयाची हे ठरलेले आहे. यंत्र बिघडले तरी ते दिवस सरतच असतात. यास्तव संगणकाचा बिघाड ही केवळ तंत्रज्ञाची बाब राहिलेली नाही. ती कारभाराची बाब झालेली आहे.

बिघाड झाला की तालुक्याच्या गावी दूरध्वनी केला जातो. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती करणारा येतो, तासाभरात 'फॉरमॅट मारून' जातो. यंत्र सुरू होते. परंतु पाच वर्षांच्या ठरावांच्या नकला, कर आकारणीची कच्ची टिपणे, शाळेचे निकालपत्रक यांचा मागमूस राहत नाही. आणि मूळ दोष कदाचित भिंतीवरील ढिल्या सॉकेटमध्ये असतो! 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण जणू याच प्रसंगासाठी झाली असावी. दोष वीजपुरवठ्यात आहे, यंत्राच्या भागांत आहे, आज्ञावलीत आहे की बाहेरच्या जोडणीत आहे, एवढे ठरेपर्यंत कोणताही उपाय करू नये. उपाय करावयाचा तोही एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर त्यांपैकी कोणती कामास आली हे कधीच कळत नाही व पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

पडदा काळा आहे म्हणजे संगणक मेला, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासण्याची साधी युक्ती अशी की कळफलकावरील कॅप्सलॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे. दोष पडद्यात किंवा पडद्यापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये शोधावा. दिवाही नाही, पंख्याचा आवाजही नाही, अशा वेळी वीज कोठवर पोहोचली हे क्रमाने पाहावे : भिंतीवरील सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून, मग यूपीएस, मग पेटीमागील केबल. यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडला आणि तो चालला, तर दोष सापडलाच. लहान यूपीएसमधील १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते, आणि वीज जाताक्षणी संगणक बंद पडू लागला की ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. एक चूक मात्र पुष्कळ कार्यालयांत होते : लेसर प्रिंटरही त्याच यूपीएसला जोडलेला असतो. हा प्रिंटर शाई कागदावर भाजून पक्की करतो. त्यासाठी तो क्षणात मोठा वीजप्रवाह ओढतो, आणि लहान यूपीएस त्याखाली दबून जातो. प्रिंटर नेहमी भिंतीवरील स्वतंत्र सॉकेटला जोडावा.

यंत्र सुरू होते, परंतु पडदा न येता ठरावीक अंतराने 'बीप' असा आवाज येतो, ही तक्रार पावसाळ्यात विशेष ऐकू येते. पुष्कळदा मेमरीची पट्टी आपल्या खाचेत नीट बसलेली नसते किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ साचलेला असतो. वीज पूर्ण बंद करून, केबल काढून, पेटीच्या धातूच्या भागास हात लावून मगच ती पट्टी काढावी. कडा खोडरबराने हलकेच पुसावी आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत पुन्हा दाबावी. धुळीविषयी निराळे सांगावयास नको. उन्हाळ्यात अर्ध्या-एक तासाने आपोआप बंद पडणारा संगणक बहुधा तापलेला असतो. पंख्यात अडकलेली जळमटे काढली की तो सुधारतो.

आता ज्या दोषाने माणसे सर्वांत अधिक फसतात तो पाहू. एके दिवशी सर्व शासकीय संकेतस्थळे उघडेनाशी होतात. 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. इंटरनेट तर चालू असते. मग सेवा पुरविणाऱ्यास दोष दिला जातो, विषाणू आला असे ठरते, आणि प्रकरण पुन्हा 'फॉरमॅट'पर्यंत जाते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आधी पाहावी. संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रास आरंभाची व अखेरीची तारीख असते. मागच्या काळात अडकलेल्या संगणकास ते प्रमाणपत्र 'अद्याप सुरूच झालेले नाही' असे दिसते आणि तो दार उघडण्यास नकार देतो. डिजिटल स्वाक्षरीचीही गत तीच. तारीख दुरुस्त केली की सारे पूर्ववत चालते. ती रोज सकाळी पुन्हा चुकू लागली, तर सेल बदलावा. घड्याळाच्या दुकानात तो किरकोळ किमतीस मिळतो.

इंटरनेटच बंद असेल तर पहिला प्रश्न विचारावा : एकाच संगणकावर बंद आहे की सर्वांवर? दुसरा प्रश्न : एकच संकेतस्थळ बंद आहे की सगळीच? एकच संकेतस्थळ उघडत नसेल आणि बाकीची उघडत असतील, तर दोष बहुधा त्याच्याच टोकाला आहे. आपल्या यंत्रास हात लावू नये. भारतनेटची किंवा अन्य फायबर जोडणी असेल तेथे भिंतीवरील खोक्यात 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो लाल पेटला की प्रकाशतंतूतून येणारा संकेत खोक्यापर्यंत पोहोचत नाही. खोक्यात शिरणारी तार निसटलेली नाही एवढे पाहावे आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

पडदा निळा पडला आणि यंत्र पुनःपुन्हा आपोआप सुरू होऊ लागले, की भले भले गांगरतात. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच कोलमडले. विमानतळ, रुग्णालये, बँका यांची कामे अडली. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. कारण होते क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीबरोबर आलेली एक सदोष फाइल. कंपनीने दीड तासाच्या आत ती मागे घेतली, परंतु कोलमडलेल्या पुष्कळशा यंत्रांपाशी माणसास प्रत्यक्ष जावे लागले. तेथे उपाय काय केला? संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच आज्ञावलींसह, सुरू केला आणि ती एक फाइल काढून टाकली. यंत्राचा एकही भाग बदलावा लागला नाही. तथापि ज्या संगणकांच्या डिस्कला कुलूप होते तेथे ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांकावाचून आत शिरता येईना, आणि तो कोठे लिहून ठेवला हे ठाऊक नसणाऱ्यांचे फार हाल झाले. नव्या संगणकांत हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. तो क्रमांक आजच शोधून कागदावर लिहावा व कार्यालयाच्या कपाटात, रोख पेटीशेजारी ठेवावा.

मराठी अक्षरांचा घोळ हा तर आपल्याकडील खास बिघाड. जुने परिपत्रक उघडावे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसावा! हा विषाणू नव्हे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांच्या आकृत्या बसविलेल्या असत. श्रीलिपी, कृतीदेव इत्यादी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नेला की आकृत्या जातात आणि क्रमांक तेवढे उरतात. मजकूर शाबूत असतो. फॉन्ट बसविला किंवा परिवर्तक आज्ञावलीने युनिकोडमध्ये आणला की तो पुन्हा वाचता येतो. 'फाइल बिघडली' म्हणून ती पुसून टाकणे म्हणजे न समजलेल्या भाषेतील दस्तऐवज जाळण्यासारखे आहे. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान आहे. नवा मजकूर तरी त्यातच लिहावा. येथेही एक खोच आहे. 'ऱ्या'सारखी जोडाक्षरे दोन प्रकारांनी टंकित होतात व डोळ्यास सारखीच दिसतात, परंतु संगणकास ती निराळी वाटतात. मतदार यादीत किंवा हजेरीपटात नाव असूनही शोधल्यास सापडत नाही, त्याचे हे एक कारण असू शकते. आडनावाचा एखादाच भाग टाकून शोधावे, ते मिळते.

प्रिंटर अडला की माणसे पुनःपुन्हा 'प्रिंट' दाबतात आणि रांग वाढवतात. एक अर्धवट काम अडकले की मागची सर्व थांबतात. रांग रिकामी करून, प्रिंट स्पूलर ही सेवा थांबवून पुन्हा सुरू केली की मार्ग मोकळा होतो. कागद दमट असेल तर मात्र दोष यंत्राचा नव्हे, हवेचा.

हार्ड डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला तर संगणक तत्काळ बंद करावा व 'एकदा पुन्हा लावून पाहू' हा मोह टाळावा, कारण प्रत्येक वेळी आतील पृष्ठभाग अधिक खरवडला जाण्याचा धोका असतो. नव्या एसएसडी डिस्क आवाज न करताच निकामी होतात आणि त्यांतून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी. म्हणून प्रत सुस्थितीतच काढावयाची : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक कार्यालयाच्या बाहेर. प्रतीची डिस्क संगणकास कायम जोडून ठेवू नये. खंडणी मागणारा विषाणू शिरला तर तो तीही कुलूपबंद करतो. जून २०१७ मध्ये अशाच एका हल्ल्याने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तो विषाणू ज्या फटींतून पसरला त्यांपैकी एक बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. अशा दुरुस्त्या विंडोज १० साठी सर्वसाधारणपणे मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहे; त्यावर चालणारी यंत्रे कोणती याची यादी प्रत्येक कार्यालयाने करावयास हवी.

राहिली बिघाडाची नोंदवही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी वेळ व रिले क्रमांक ७० असे लिहिले. किड्याची गंमत सर्वांना ठाऊक आहे. परंतु वेळ आणि जागा लिहिण्याची त्यांची सवय अधिक घेण्यासारखी आहे. आपल्याकडे साधी शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, त्याआधी काय केले होते, काय बदलले, काय झाले. संदेश मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवला तरी चालेल. समजा, तीन महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक वाचताना दिसले की संगणक बंद पडतो तो नेहमी सकाळी अकराच्या सुमारास, आणि शेजारची पिठाची गिरणीही त्याच वेळी सुरू होते. मग संगणक दुरुस्त करणाऱ्यास बोलावण्याचे कारण उरत नाही. वायरमनला बोलवावे आणि गिरणी सुरू होताना सॉकेटमधील दाब २३० व्होल्टवरून किती खाली येतो, ते त्याच्याकडून मोजून घ्यावे.