डबीवरची बारीक अक्षरं



मे महिन्यातली दुपार होती. भाची बर्डीवरून आली, पर्समधून एक डबी काढली आणि म्हणाली, ‘‘खाला, ही प्रोबायोटिकची गोळी खास बायकांसाठी आहे म्हणे. चांगली असेल का?’’ डबीवर गुलाबी फूल होतं. मी कवितेतली बाई, मला औषधातलं काय कळणार! पण अक्षरं वाचायची सवय आहे. चष्मा लावला आणि बारीक छपाई वाचू लागले.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येत घेतल्यास शरीराला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव. तेव्हा पहिला प्रश्न, कोणते? ‘लॅक्टोबॅसिलस’ हे झालं नुसतं घराणं. आपला वऱ्हाडातला शेतकरी दुकानात जाऊन ‘कापसाचं बी द्या’ एवढंच म्हणत नाही; वाण विचारतो. इथेही तसंच. एका वाणावर झालेल्या अभ्यासाचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही. भाचीच्या डबीवर वाणाचा पत्ताच नव्हता.

दुसरा प्रश्न, किती? आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जीव हवेत. कंपन्या अब्जांचे आकडे छापतात. पण ते गोळी तयार झाली त्या दिवशीचे की मुदत संपेपर्यंतचे, हे पाहावं. मोठा आकडा म्हणजे जास्त गुण, असंही नाही.

तिसरा प्रश्न, ते जगले का? डबीवर ‘२५ अंशांखाली ठेवा’ असं होतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दुकानात ती डबी कुठे होती, वाटेत किती तापली, हे विचारायलाच हवं.

डबीवर चौदा आकडी परवाना क्रमांकही असतो. पण तो अन्नाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. ‘रोग बरा होतो’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच सावध व्हावं. लघवीचा संसर्ग टाळण्याबाबत २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला; त्यात प्रोबायोटिकचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

इतकं वाचून मी विचारलं, ‘‘बेटा, तुला होतंय काय?’’ तिनं मान खाली घातली. दोन महिन्यांपासून अंगावरून पांढरं जात होतं, खाज होती. डॉक्टरांकडे जायची लाज वाटत होती. डबी मात्र न बोलता विकत घेता येत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासणीत संसर्ग निघाला, साध्या औषधानं आठवड्यात आराम पडला.

म्हणून मैत्रिणींनो, डबी घेतलीच तर अक्षरं नीट वाचा. गर्भारपणात किंवा मोठ्या आजारात आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरातली मुलगी अशी डबी घेऊन आली, तर डबीबरोबर तिचा चेहराही वाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)